गाव स्टोरव्रेता, मैदान उप्सालात

स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर दहा-अकरा वर्षांचा पोरगा, मागे घसरगाडीवर टॉयलेट पेपरचे गठ्ठे. मला वाटलं, घर चुकला. पण ही इथली वर्गणी! आपल्याकडे मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन येतात, स्वीडनमध्ये खेळाच्या क्लबांतली पोरं टॉयलेट पेपर नाहीतर मोजे विकून स्पर्धांचा खर्च काढतात. एक गठ्ठा घेतला आणि विचारलं, कुठला खेळ? म्हणाला, "इन्नेबांडी."

म्हणजे फ्लोअरबॉल. बांडी हा बर्फाच्या मैदानावर स्टिकने खेळायचा, हॉकीसारखा खेळ. 'इन्ने' म्हणजे आत. तर ही छपराखालची बांडी. चेंडू प्लास्टिकचा, पोकळ, 23 ग्रॅमचा, त्याला 26 भोकं. गोलकीपरच्या हातात स्टिकच नसते; तो बिचारा गुडघ्यांवर बसून छातीवर, हातांवर चेंडू झेलतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्याचीच दया आली.

या खेळाचा पहिला क्लब 1979 साली साला गावात निघाला. (हो, साला. चांदीच्या जुन्या खाणीचं गाव आहे, शिवी नाही.) 1981 मध्ये राष्ट्रीय संघटनाही तिथेच स्थापन झाली. बर्फ नको, महागडे बूट नकोत, शाळेची व्यायामशाळा पुरते. मग काय, गावोगाव क्लब निघाले.

त्यातलाच एक स्टोरव्रेता. उप्सालाहून लोकल ट्रेनने उत्तरेला गेलं की जेमतेम दहा मिनिटांत हे गाव येतं. मी एका रविवारी मुद्दाम उतरले. स्टेशन, एक किराणा दुकान, लाकडी घरं, मागे जंगल. चॅम्पियन संघाचं गाव म्हणून काहीतरी भव्य दिसेल या आशेने गेले होते. एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, बाकी सामसूम. आणि या गावाच्या पुरुष संघाने 2010, 2011, 2012 असं सलग तीनदा स्वीडनचं विजेतेपद घेतलं! पुढची तीन वर्षं फालूनच्या संघाने पळवली, ते तांब्याच्या जुन्या खाणीचं गाव. 2016 मध्ये मात्र पुन्हा स्टोरव्रेता.

त्या सुवर्णकाळातला हुकमी एक्का मिका कोहोनेन, आणि तो फिनलंडचा! या खेळात स्वीडन-फिनलंड म्हणजे आपलं भारत-पाकिस्तान. 2008 आणि 2010 मध्ये फिनलंडने स्वीडनलाच हरवून विश्वचषक नेला, त्या संघांत हा कोहोनेन होता. तरी स्टोरव्रेताची माणसं त्याचं नाव घरच्या पोरासारखं घेतात.

आता सामने गावात नाही, उप्सालातल्या आयएफयू अरीनात होतात. जर्सीवर नाव मात्र गावाचंच. शहरात येऊन क्लबाने 'उप्साला' लावलं असतं तर तिकिटं जास्त खपली असती, असं ऑफिसातल्या एकाला म्हणाले. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं आडनाव बदलायला सांगितलं.

परवा तो पोरगा पुन्हा आला होता. या खेपेला मोजे. टॉयलेट पेपर नको म्हटलं, तळघरात अजून अठरा रोल पडून आहेत.