नोंद 7 : चाळीसवरची साय

गेल्या नोंदीत माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या 40एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला (नमुन्याकडच्या, चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाला) बुरशी धरली असावी असं लिहिलं होतं. ते मागे घेतो.

आषाढापासूनचा त्रास. 10एक्सने चित्र लख्ख, 40एक्स फिरवून आणला की सगळ्यावर साय धरल्यासारखी. गोव्यात पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, म्हणून संशय सरळ तिकडेच. ऑब्जेक्टिव्ह काढून पुढची काच उलट्या आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) न्याहाळली (भिंग म्हणून आयपीस झकास चालतो). तंतू नाहीत, डाग नाहीत. कंडेन्सर (खालून उजेड एकवटणारं भिंग) खालीवर केला, आयरिस (त्याची उघडझाप करणारी झडप) मिटून-उघडून पाहिली. साय तशीच.

परवा रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेलो आणि ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या मुळांशी दिसणारा तपकिरी थर चमच्याने खरवडून आणला. स्लाइडवर थेंब, वर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच). जास्तीचं पाणी टिपताना स्लिप जराशी सरकली आणि खालून दुसरी कड डोकावली. एकावर एक दोन काचा! दमट हवेने डबीतल्या स्लिपा जोडीजोडीने चिकटल्या होत्या. स्क्रूगेज (जाडी मोजायचं साधन) लावला: दोन्ही मिळून 0.30 मिमी.

ऑब्जेक्टिव्हवर '160/0.17' कोरलेलं असतं ना, त्यातली 160 मिमी नळीची लांबी आणि 0.17 मिमी स्लिपची जाडी. भिंगांचं गणित तेवढीच काच मधे धरून केलेलं. ती जाड झाली की कडेचे तिरपे किरण मधल्या किरणांना एका ठिकाणी मिळत नाहीत. 10एक्सचं न्यूमरिकल अपर्चर (किती तिरपे किरण आत येतात त्याचं माप) 0.25, फार तिरपे किरण तो घेतच नाही, म्हणून निर्धास्त. 40एक्सचं 0.65, तो मार खातो.

स्लिपा नखाने सोडवल्या (एक फुटली). नवी स्लाइड लावली आणि सरपटणाऱ्या डायटममध्ये (काचेसारखं कवच असलेल्या एकपेशीय शैवालांत) प्ल्युरोसिग्मा नावाचा एक सापडला, इंग्रजी एससारखा लवलेला. जुने हौशी याच्याच अँग्युलेटम जातीवर ऑब्जेक्टिव्हची परीक्षा घ्यायचे. तिच्या कवचावरच्या रेघांत जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) अंतर. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आबेच्या 1873च्या सूत्राने हिरव्या उजेडात 0.65ची मर्यादा, म्हणजे वेगळं दिसू शकणारं सर्वांत कमी अंतर, येते 0.42 मायक्रॉन, म्हणजे काठावर पास. माझ्याकडच्यावर आधी नुसतीच राखाडी छटा होती. कंडेन्सरखाली काळा कागद अर्धा सरकवून उजेड तिरपा केला, तशी एका दिशेच्या रेघांची मलमलीसारखी वीण उमटली. दहा मिनिटं डोळा काढला नाही.

स्लिपा आता स्पिरिटने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद बरणीत. बरणी नेवऱ्यांसाठी राखलेली होती. चवथीआधी परत द्यायची आहे.