पावसाळा, फुलं आणि टिपकागद

आज दुपारी पावसाने जरा उघडीप दिली आणि मी सगळ्यात आधी फुलं दाबायची प्रेस उघडून आतले कागद बदलले. श्रावण-भाद्रपदात हे रोजचंच काम. फुलं दाबून वाळवायची आणि त्यांची कार्डं करायची हा छंद लागल्यापासून एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने कळते, की फुलं सगळ्यात जास्त मिळतात ती नेमकी हवेत सगळ्यात जास्त ओल असते तेव्हाच. एप्रिल-मे मध्ये पुण्यात कुठलंही पातळ फूल चार-पाच दिवसांत कडक वाळतं, पण तेव्हा असतं काय, बोगनवेल आणि गुलमोहर. आणि आता तेरडा आहे, गोकर्ण आहे, रस्त्याच्या कडेला पिवळा-केशरी कॉसमॉस नुसता माजलाय, पण वाळायला दोन-तीन आठवडे घेतात आणि कागद दमट राहिला की बुरशी धरलीच समजा.

प्रेस म्हणजे काही फार मोठी वस्तू नाही. प्लायवुडचे दोन तुकडे, चार कोपऱ्यांना भोकं पाडून लांब बोल्ट आणि हाताने फिरवायचे नट. मध्ये खोक्याचा पुठ्ठा, त्यावर वर्तमानपत्र, मग टिपकागद, मग फुलं, परत टिपकागद, असे थर. वर्तमानपत्र साधंच हवं, रविवारच्या पुरवणीचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही. फुलं वाळतात तसा थर बसत जातो आणि नट सैल पडतात, म्हणून रोज थोडे आवळायचे. एकदम पहिल्याच दिवशी करकचून आवळलं तर पाकळ्यांमधलं पाणी बाहेर फुटतं आणि डाग पडतात. हल्ली बरेच जण मायक्रोवेव्हमध्ये किंवा इस्त्रीने वाळवतात, घाईचं असेल तर मीही इस्त्री घेते, पण खरं सांगू का, टिपकागदातून हळूहळू वाळलेल्या फुलाची जी एक लवचिक पाकळी मिळते ना ती इस्त्रीने नाही मिळत, ती कुरकुरीत होते आणि चिमट्याने उचलताना तुटते.

पण मला आज लिहायचंय ते रंगांबद्दल. मैत्रिणी विचारतात की जास्वंदीचं कार्ड का नाही करत, किती सुंदर दिसेल. जास्वंद दाबली की तिचा लाल रंग काळपट जांभळा होतो, वर त्यात चिकट द्रव असतो तो कागदाला धरून बसतो. केना तर त्याहून हट्टी, त्याच्या निळ्या पाकळ्या तोडल्यावर घरी आणेपर्यंतच विरघळतात, कागदावर नुसता निळसर ओरखडा उरतो. आणि याच्या उलट कोंबडा! कोंबड्याचा तुरा बारीक सोडवून दाबला की त्याचा गुलाबी-लाल रंग कितीतरी काळ तसाच राहतो. बोगनवेलीचंही तेच. या दोघांतला रंग जास्वंदीच्या जातीचा नाहीच मुळी, तो बीटात असतो त्या जातीचा आहे. शिवाय बोगनवेलीचं आपण जे फूल म्हणतो तो रंगीत भाग म्हणजे पानाचंच रूप, खरं फूल मध्ये असतं ते पांढरं इवलंसं, म्हणून ती मुळातच कागदासारखी, पाणी कमी, दोन दिवसांत तयार.

गोकर्णीच्या निळ्याबद्दल मला विशेष माया आहे. तिच्या चहात लिंबू पिळलं की निळा रंग जांभळा होतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय, म्हणजे तो रंग आंबट-अल्कली काय आहे त्यावर बदलणारा. म्हणूनच मी तिच्यासाठी गोंद आणि कागद दोन्ही जपून निवडते. फेविकॉल पाण्यात पातळ करून टूथपिकच्या टोकाने अगदी ठिपक्याएवढा, तोही फक्त देठाशी आणि मध्यावर, पाकळीभर नाही. कार्डासाठी मी हातकागद वापरते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे कापडाच्या सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनवतात. त्या कागदाला जे खडबडीत अंग असतं त्यावर फूल बसतं, गुळगुळीत आर्ट पेपरवर ते नुसतं चिकटवल्यासारखं दिसतं. हे माझं ठाम मत आहे आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

आणि पारिजातक. पांढऱ्या पाकळ्या काही केल्या पांढऱ्या राहत नाहीत, वाळल्या की फिक्या तपकिरी होतात, पण देठाचं केशरी तसंच टिकतं. त्या देठात केशरातल्यासारखाच रंग असतो आणि पूर्वी त्याने कापड रंगवायचे. आमच्या सोसायटीत कंपाउंडला लागून एक झाड आहे, सकाळी त्याखाली सडा पडतो. मी पाकळ्या काढून टाकून फक्त देठ वापरून बघितले, ओळीने लावले की सूर्याच्या किरणांसारखे किंवा गवतासारखे दिसतात, छान दिसतात. तरी मला पाकळ्यांसकटच आवडतं. तपकिरी झालेली फुलं बघून लोकांना वाटतं खराब झाली, मला नाही वाटत. पारिजातक वाळला की असाच दिसतो, त्याला पांढरा रंग फासून काय मिळवायचं?

आईंना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) सुरुवातीला हे सगळं फारसं पसंत नव्हतं. फूल देवाला वाहावं, नाहीतर झाडावर राहू द्यावं, असं त्यांचं म्हणणं. आणि वाहिलेलं फूल म्हणजे निर्माल्य, ते विसर्जनातच जायला हवं, त्याचं कार्ड करून कुणाच्या टेबलावर ठेवायचं हे त्यांना पटत नाही. मला त्यांचं हे पटतं. त्यामुळे आमचं असं ठरलंय की पूजेच्या टोपलीतून माझी फुलं पूजेआधी बाजूला काढायची. आणि आता गंमत म्हणजे त्याच काढून देतात. दूर्वांच्या जुडीतून तीन पात्यांच्या नीट दूर्वा, शेवंतीच्या सुट्या पाकळ्या, आणि घरच्या गौरी तेरड्याच्या असतात तर त्यातली एखादी फांदी पण आधीच. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण ताजा असतानाच दाबला तर बरेच महिने राहतो, थोडा जांभळ्याकडे झुकतो एवढंच. आई ते कार्ड बघून काही बोलल्या नाहीत, पण देवघराच्या कपाटात ठेवून घेतलं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. कासच्या पठारावरून फुलं तोडून आणतात आणि मला विचारतात ही वाळवशील का. नाही वाळवणार. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथे फूल तोडायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी तिथल्या कितीतरी वनस्पती फक्त सह्याद्रीत सापडतात, त्या एका कार्डासाठी उपटायच्या? मला घाणेरी आणि कॉसमॉस पुरेसे आहेत, बाहेरून येऊन इथे पसरलेत, कितीही तोडा.

कार्डाच्या मागे मी फुलाचं नाव, जागा आणि तारीख लिहिते. ही सवय कॉलेजातल्या हर्बेरियमच्या (म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) फाइलची, तिथे तारीख आणि जागा नसेल तर सर नमुना परत करायचे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, फादर ब्लॅटर या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नावाचं, तिथे शंभर वर्षांहून जुनी वाळवलेली झाडं आहेत, आणि ती आजही उपयोगी आहेत ती अशाच नाव-जागा-तारखेच्या चिठ्ठ्यांमुळे. माझ्या कार्डाला शास्त्राची किंमत नाही, पण ज्याला ते मिळतं त्याला कळतं की हे फूल आमच्या गेटजवळचं, अमुक दिवसाचं.

नणंद मेलबर्नला असते. तिला खरं कार्ड पाठवता येत नाही, ऑस्ट्रेलियात झाडापानांच्या वस्तूंची फार कडक तपासणी असते आणि मला तिच्या नावावर उगाच कटकट नको. म्हणून मी कार्ड स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रिंट काढून पाठवते. स्कॅनमध्ये शिरा इतक्या स्पष्ट येतात की मलाच नवं काहीतरी दिसतं. यंदा तिला दूर्वा आणि तेरडा. दिवाळीची कार्डं करायची तर कोंबडा आत्ताच दाबायला हवा, त्याचा गर जाड, वेळ लागतो. उद्या सकाळी मंडईत जाऊन आणते, पाऊस नसला तर.