मुंबई मॅरेथॉन आणि रस्त्याच्या कडेची माणसं

मुंबईहून परत आल्यापासून डिचोलीत जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, कितवा नंबर आला? नंबर हजारांत आहे, टायमिंग पाच तासांच्या थोडं वर, आणि दोन्ही मी अगदी खुशीत सांगते. पण मनापासून सांगायचंय ते त्या माणसांबद्दल, जी पहाटेपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी होती, ज्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही आणि ज्यांच्याशिवाय ते शेवटचे सात-आठ किलोमीटर माझ्याच्याने झाले नसते.

आधी आमच्याबद्दल थोडं. आमचा ग्रुप छोटासा, डिचोली, म्हापसा, पणजी असे विखुरलेले लोक, रविवारी पहाटे पणजीत कांपालला कला अकादमीजवळ गाड्या लावायच्या आणि तिथून सुटायचं. कधी मिरामार, दोना पावला, कधी उलट बाजूने पाटो, मग रायबंदरचा तो जुना बांध, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात घातलेला, तीनेक किलोमीटर सरळसोट, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं नि खारफुटी, तिथून जुनं गोवं गाठायचं आणि परत. लांब रनला हा रस्ता मस्त, कारण सपाट आहे आणि उजाडायच्या आधी रहदारी नाही. चढ पाहिजे असला की आल्तिनो. मुंबईचा पेडर रोड डोळ्यासमोर ठेवून आम्ही आल्तिनोच्या चढावर इतक्या फेऱ्या मारल्यात की तिथले पोदेर, म्हणजे पाववाले सुद्धा भोंपू वाजवून हात करायला लागले.

गोव्यात ट्रेनिंग करणं सोपं नाही हं. थंडी म्हणतात ती इथे नावालाच, हवेत दमटपणा एवढा की घाम सुकतच नाही, नुसता गळत राहतो, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड कसं होणार. त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी झाली की घराघरात नेवऱ्या (करंज्या), पुढे दिवाळी, आणि मग जत्रा नि नाटकं. आमच्या ग्रुपमधले काका, रिटायर्ड बँकवाले, साठी ओलांडलेले, गावच्या देवळातल्या नाटकात दरवर्षी काम करतात, नाटक संपतं पहाटे, आणि हा माणूस तोंडावरचा रंग पुसून सरळ रनला हजर. आणि बायकांचं वेगळंच. मी घराजवळ एकटी पहाटे पाचला पळू शकत नाही, अंधार, कुत्रे, भरधाव ट्रक, म्हणून नवरा स्कूटर घेऊन मागे मागे येतो, हेडलाइटच्या उजेडात मी पळते. त्याने कधी कुरकुर केली नाही, पण रोज कुणाची तरी झोप मोडून पळायचं हे मनाला लागतंच.

खाण्याचं म्हणाल तर आम्ही बाहेरची जेलं-बिलं फार घेत नाही. लांब रनच्या आदल्या रात्री उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातलं तोर (कैरी), आणि बाटलीत आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, घातलेलं पाणी, थोडी साखर टाकून. आमच्यातली एक डॉक्टर आहे, ती कायम बजावते की नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामाबरोबर मीठ जातं, वरून साधं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम खाली येतं आणि माणूस गरगरून पडतो. आगळात मीठ असतंच, त्यामुळे आपल्या आज्यांना हे सगळं आधीच माहीत होतं असं मला तरी वाटतं.

तर मुंबई. ही रेस २००४ पासून होतेय, जानेवारीतल्या रविवारी, आणि फुल मॅरेथॉनसाठी नाव घालायचं तर आधीच्या रेसचं टायमिंग सर्टिफिकेट लागतं, उगाच उठून कुणी बेचाळीस किलोमीटर पळायला येऊ नये म्हणून, आणि ते बरोबरच आहे. आम्हा गोयकारांना एक सुख म्हणजे कोकणकन्या एक्सप्रेस, संध्याकाळी थिवीला बसलं की पहाटे थेट सीएसएमटी, म्हणजे जिथून रेस सुटते तिथेच. फक्त बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आधी बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जाऊन घ्यावा लागतो, रेसच्या दिवशी मिळत नाही, त्यामुळे एक दिवस आधी पोचायलाच हवं. बिबवर तुमचं नाव छापलेलं असतं, मोठ्या अक्षरात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहाटे पाचला सीएसएमटीसमोर हजारो माणसं, आणि त्यात बायका किती! कॉलेजच्या पोरी, माझ्या वयाच्या, पांढरे केस झालेल्या, एकट्या आलेल्या. त्या अंधारात मी पहिल्यांदाच मागे स्कूटर नसताना पळत होते. मरीन ड्राइव्हवर दिवे लागलेले, समुद्राचा वारा, आणि नुसता बुटांचा आवाज, बोलणं कुणाचंच नाही. पहिले दहा किलोमीटर कधी गेले कळलंच नाही, पण खरा धोका तिथेच असतो कारण पाय ताजे असतात आणि गर्दीबरोबर वाहवत जायला होतं, काकांनी आधीच दम दिलेला, हाजी अलीपर्यंत गप्पा मारता येतील एवढ्याच स्पीडने जायचं, नाहीतर परतीला रडशील.

सी-लिंकबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात सांगते. एरवी तिथे पायी जाता येत नाही, रेसच्या दिवशी येतं. साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबी, वरळीकडून शिरलो तेव्हा अंधार होता आणि वांद्र्याला उतरलो तेव्हा उजाडलेलं. सुंदर आहे यात वाद नाही, पण पुलावर प्रेक्षक नसतात, आणि मला तिथेच पहिल्यांदा पाय जड लागले. तेव्हा काही लक्षात आलं नाही, नंतर कळलं की का.

माहीम ओलांडून शिवाजी पार्कच्या बाजूला आलो आणि एकदम आवाज. ढोल, लेझीम, शाळेची पोरं रांगेत हात पुढे करून उभी, प्रत्येकाला टाळी पाहिजे. एक आजी नऊवारीत खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर स्टीलचा डबा, त्यात उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी. मी पुढे निघाले होते तर माझं बिबवरचं नाव वाचून हाक मारली, "अगं ये, घे एक, पुढे लागेल." मी परत फिरून घेतली. तीस किलोमीटरच्या आसपास मीठ लावलेला बटाटा कसा लागतो हे शब्दांत सांगता येत नाही. त्यांना नमस्कार केला तर म्हणाल्या, "वेळ घालवू नकोस, पळ."

आता तीस किलोमीटरनंतर काय होतं ते सांगते, कारण न पळणाऱ्यांना ते ठाऊक नसतं आणि मग त्यांना वाटतं की बाजूला उभं राहून टाळ्या वाजवण्याने काय फरक पडणार. शरीरात स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन, तो साधारण दोनेक हजार कॅलरीचा. पळताना दर किलोमीटरला अंदाजे तुमच्या वजनाच्या किलोइतक्या कॅलरी जातात, म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या साठ. हिशेब करा, तीस-बत्तीसच्या पुढे टाकी रिकामी व्हायला येते. चरबी असते भरपूर, पण ती हळू जळते. मग पाय तर दगड होतातच, डोकंही बिघडतं, कारण मेंदूलाही साखरच लागते. साधी बेरीज जमत नाही, अजून किती राहिलंय ते कळत नाही, रडू येतं, राग येतो, बसावंसं वाटतं. रनर लोक याला वॉल म्हणतात. आणि मुंबईचा रूट असा की नेमक्या त्याच सुमाराला ऊन चढतं आणि हाजी अलीवरून पेडर रोडचा चढ समोर येतो. जाताना हाच रस्ता एकदा केलेला असतो, ताज्या पायांनी, तेव्हा काहीच वाटत नाही. येताना तोच रस्ता जीव काढतो.

याच पट्ट्यात कुठेतरी एलिट, म्हणजे अव्वल रनर मागून येऊन निघून गेले. ते आमच्यानंतर दोनेक तासांनी सुटतात आणि तरी गाठतात. इथिओपियाचा हेले लेमी २०२३ मध्ये ही रेस २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत धावलाय, म्हणजे प्रत्येक किलोमीटर जवळपास तीन मिनिटांत, बेचाळीस वेळा. टीव्हीवर ते सहज वाटतं. बाजूने जाताना त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि पाय जमिनीला लागतात की नाही असा प्रश्न पडतो. अर्ध्या मिनिटात सगळे दिसेनासे.

पेडर रोडवर मी आणि काका बरोबर होतो. काकांच्या पोटरीत गोळा आला, चढाच्या सुरुवातीलाच, आणि ते कठड्याला धरून उभे राहिले. मी काही बोलायच्या आत एका बिल्डिंगच्या गेटमधून एक बाई आणि तिचा कॉलेजातला मुलगा धावत आले, मुलाने खाली बसून काकांचा पाय मांडीवर घेतला, बुटाचं टोक वर दाबून धरलं, अगदी शिकवल्यासारखं, बाईने स्प्रे मारला आणि तोंडात संत्र्याची फोड कोंबली, मीठ लावलेली. कुणी विचारलं नाही तुम्ही कुठले, काय करता. गोळा सुटला तसे काका उठले, हात जोडून म्हणाले, "देव बरें करूं." आमच्या कोकणीतलं हे धन्यवाद त्या मुलाला समजलं नसावं, पण तो हसून म्हणाला, "काका, वरपर्यंत चारशे मीटर आहे, मग सगळा उतार." आणि खरंच चारशेच होतं! पुढचा सगळा चढ काका प्रत्येक ग्लास देणाऱ्याला, प्रत्येक टाळी वाजवणाऱ्याला देव बरें करूं म्हणत चढले. लोक परत ओरडायचे, "काका झिंदाबाद." आमच्या पुढे एक डोळ्यांनी न दिसणारा रनर होता, सोबत्याच्या मनगटाला आणि त्याच्या मनगटाला मिळून एक दोरी, सोबती हळू आवाजात सांगत होता डावीकडे वळण, आता उतार, आणि गर्दी त्या दोघांचीही नावं घेऊन ओरडत होती, दोघांची, मला ते फार आवडलं.

तिथे मला कळलं की सी-लिंकवर पाय का जड झाले होते. डोकं शरीराला सांगत असतं थांब, आणि बाहेरून कुणी तुमचं नाव घेऊन हाक मारली की डोक्याचं ते बोलणं काही सेकंद बंद पडतं. काही सेकंद म्हणजे वीस पावलं. वीस पावलांनी पुढचा माणूस उभा असतो. असे जोडत जोडत आम्ही चौपाटीला उतरलो. मरीन ड्राइव्ह परतताना रखरखीत ऊन, संपता संपत नाही, चर्चगेट, फ्लोरा फाउंटन, आणि सीएसएमटी. मेडल गळ्यात पडलं, काका आणि मी रस्त्यावरच बसलो. माझा मावसभाऊ माहीमवरून हाफ मॅरेथॉन पळून केव्हाच येऊन बसलेला, त्याने केळी आणून दिली. त्याचाही तोच अनुभव, म्हणाला अंगात ताकद होती तेव्हा लोक दिसलेच नाहीत, ताकद संपली तेव्हा फक्त लोकच दिसत होते.

आता आपल्याकडचं बोलूया. आपल्याकडेही रेस होतात, डिसेंबरात वास्कोच्या बाजूला गोवा रिव्हर मॅरेथॉन होते, बाहेरून लोक येतात, नदीकाठचा रूट तर मुंबईच्या तोडीस तोड. पण कित्येक किलोमीटर असे जातात की रस्त्यावर स्वयंसेवक सोडले तर कुणी नाही. गेटच्या आत लोक असतात, झोपाळ्यावर बसून चहा पीत बघतात, चांगली माणसं आहेत, दारात जाऊन पाणी मागितलं तर गूळ सुद्धा देतील. फक्त आपण गेटबाहेर येऊन ओरडायला लाजतो. मला कळकळीने वाटतं की ही लाज सोडावी. संत्री सालासकट चार फोडी करून ठेवा, सोललेलं घामट हातातून निसटतं. मिठाची पुडी जवळ ठेवा. बिबवरचं नाव वाचा आणि नावानेच हाक मारा. आणि एक मेहेरबानी करा, "झालंच आता, जवळच आहे" असं खोटं सांगू नका, बारा किलोमीटर शिल्लक असताना ते ऐकलं की माणूस खचतो, त्या पेडर रोडच्या मुलासारखं नीट अंतर सांगा, वळण कुठे, चढ किती, ते सांगा.

काकांनी ठरवलंय की येत्या डिसेंबरात वास्कोला ते पळणार नाहीत, रस्त्याच्या कडेला उभे राहणार, जिथे मागच्या वेळी कुणीच नव्हतं त्या वळणावर, आगळाचं पाणी आणि संत्री घेऊन. नाटकवाले दोघे-तिघे ढोलकी घेऊन येतो म्हणालेत. कांपालहून पहाटे चारला गाडी निघेल, अजून दोन सीट रिकाम्या आहेत, कुणाला यायचं असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा.