काचखोलीतली ओल आणि सिलिकॉनच्या रेघा

रेडिंगला घर घेताना आम्ही भुललो ते मागच्या कॉन्झर्व्हेटरीला. तीन बाजूंनी काच, वर पॉलीकार्बोनेटचं छत आणि चौथी बाजू म्हणजे घराची मूळ विटांची भिंत. आमच्याकडे तिला काचखोली म्हणतात. कढीपत्त्याची कुंडी इंग्लंडच्या थंडीत तिथेच तग धरते. पहिल्याच नोव्हेंबरात त्या भिंतीवर, दाराच्या अगदी वर, चहा सांडल्यासारखा डाग उमटला आणि खाली लॅमिनेटच्या फळ्या फुगून एकमेकींवर चढल्या.

आधी ही खोलीतलीच वाफ आहे की बाहेरचं पाणी, हे बघा. भिंत कोरडी पुसायची, ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब फॉइलवर असतील तर तुम्ही आत वाळत घातलेल्या कपड्यांची कृपा. फॉइलच्या मागे असतील तर ओल भिंतीत आहे. आमचे मागे होते.

मग सुरू झाली वारी. काचवाल्याची वेळ मिळायला तीन आठवडे. शिडीवर चढला, पाच मिनिटांत खाली. म्हणे सिलिकॉन गेलंय. छत भिंतीला मिळतं तिथे पांढरी रेघ ओढली आणि नव्वद पाउंड घेऊन गेला. पंधरा दिवस कोरडं, मग परत तेच. परत बोलावला, तर जुन्या रेघेवर नवी रेघ. तिसऱ्या वेळी दुसरा माणूस आला आणि त्याने उत्साहाच्या भरात खिडकीच्या चौकटीच्या खालची बारीक भोकंसुद्धा बुजवली! ती भोकं चौकटीत शिरलेलं पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली असतात. आता चौकटीतूनही पाणी आत. ती मी विणकामाच्या सुईने मोकळी केली. तुमचीही बघून ठेवा, शेवाळाने तुंबतात.

काचवाला शेवटी म्हणाला, भिंत बिल्डरची. बिल्डर येऊन भिंतीवर थापट्या मारून म्हणाला, भिंत ठणठणीत आहे, छताचं काचवाल्याला विचारा. विमा कंपनीचं पत्र आलं: हळूहळू झालेलं नुकसान पॉलिसीत बसत नाही. यात फेब्रुवारी उजाडला. माझा खरा राग वेगळाच आहे. यातल्या एकानेही ती भिंत ओली असताना पाहिली नाही. पावसात शिडी लावत नाहीत, म्हणून यायचे ते कोरड्या दिवशी, आणि कोरड्या भिंतीकडे बघून निदान करायचे.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना डाग दाखवला. ते गुहागरला असतात.

"वारा कुठून असतो तेव्हा?"

"वाऱ्याचा काय संबंध, बाबा?"

"बघ तर खरं."

पुढचे तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा केल्या. सरळ धो-धो कोसळला तरी भिंत कोरडी. नैर्ऋत्येचा वारा असला की साधी रिपरिपही डाग काळा करायची. बाबा म्हणाले, "अगो, गळती नव्हे ही, झड आहे. पडवीला झापं कशाला बांधायचो आपण?"

मग बागेची नळी घेतली. पाणी नेहमी खालून वर मारत जा. आधीच वर मारलंत तर ओघळ सगळीकडे जातात आणि काहीच कळत नाही. प्रत्येक टप्प्याला निदान दहा-पंधरा मिनिटं. पन्हळ, छत, तो सिलिकॉनचा प्रसिद्ध जोड, कुठेच काही नाही. छताच्या मीटरभर वरच्या विटांवर नळी धरली आणि पंचवीस मिनिटांनी आतून मुलगा ओरडला, "आई, आलं!"

इथल्या बऱ्याच घरांच्या भिंती दुहेरी असतात, मध्ये पोकळी. बाहेरच्या विटा झड पितात आणि पाणी पोकळीतून खाली उतरतं. एरवी काही बिघडत नाही. पण आमच्या त्या बाहेरच्या भिंतीचा खालचा भाग आता खोलीच्या आत आलेला. वरून उतरलेलं पाणी दाराच्या तुळईवर अडून आत पाझरत होतं. ते बाहेर वळवायला छताच्या वर, भिंतीच्या आत, कॅव्हिटी ट्रे लागतो. आमच्याकडे तो बसवलाच नव्हता. नुसती शिशाची पट्टी होती, जी भिंतीवरून ओघळणारं पाणी तेवढं अडवते. तेव्हा कोणालाही बोलावण्याआधी फोनवरच विचारा, ट्रे बसवता का? जो "म्हणजे?" म्हणेल त्याचा फोन ठेवून द्या.

नंतरचं सोपं होतं. एका गवंड्याने दोन दिवसांत थोड्या थोड्या विटा काढून ट्रे सरकवले, पाणी निघायला भोकं ठेवली आणि पट्टी ट्रेच्या खाली घेतली. तेराशे पाउंड. त्याने विचारलं, शोधलं कोणी? मी ऐटीत सांगितलं, माझ्या वडिलांनी, भारतातून.

प्लॅस्टर अजून वाळतंय, म्हणून डाग रंगवलेला नाही. परवा नैर्ऋत्येचा वारा सुटला तेव्हा रात्री अकराला टॉर्च घेऊन जाऊन आले. कोरडं होतं. बाबांना तेव्हाच फोन लावणार होते, पण गुहागरला पहाटेचे साडेतीन वाजले असते.