क्लब कोणाचा, मैदान कोणाचे: कॉव्हेंट्रीहून

ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबने आपले स्टेडियम विकत घेतल्याचे जाहीर केले. सव्वाशेहून अधिक वर्षे जुन्या क्लबाकडे गेली वीस वर्षे स्वतःचे मैदान नव्हते, हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकांना आश्चर्य वाटेल. इंग्लिश फुटबॉलची मालकी म्हटली की आपल्याला आखाती देशांचा पैसा, अमेरिकी गुंतवणूकदार आणि मँचेस्टर किंवा लंडनचे धनाढ्य क्लब आठवतात. मी ज्या शहरात राहते, तिथे मालकीचा प्रश्न याहून साधा आणि याहून कडू आहे. घरचा सामना खेळायला क्लबाला घर आहे की नाही, आणि ते घर कोणाच्या सहीने विकले जाते, एवढाच तो प्रश्न आहे.

पूर्वी क्लबाचे घर होते. १८९९ पासून २००५ पर्यंत कॉव्हेंट्री सिटी हायफील्ड रोडवर खेळत असे. साठच्या दशकात प्रशिक्षक जिमी हिल यांनी या क्लबाला आकाशी निळा रंग दिला आणि पहिल्या श्रेणीच्या दारापर्यंत आणून सोडले. १९६७ पासून २००१ पर्यंत सलग ३४ वर्षे क्लब त्या श्रेणीत टिकून होता. १९८१ मध्ये हायफील्ड रोड हे इंग्लंडच्या लीगमधले सर्व प्रेक्षकांना बसायला खुर्च्या असलेले पहिले स्टेडियम झाले. १९८७ मध्ये टॉटनहॅमला ३-२ असे हरवून क्लबाने एफए कप ही इंग्लंडमधली मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकली. त्या सामन्यात कीथ हाउचन यांनी झेप घेऊन डोक्याने मारलेला गोल इथली साठीची माणसे अजूनही हातवारे करून दाखवतात. मग नवे, मोठे स्टेडियम बांधण्याचे ठरले, आणि ते उभे राहण्याच्या कितीतरी आधी जुने मैदान घरबांधणीसाठी विकून टाकण्यात आले. हा निर्णय बाहेरून आलेल्या कोणा लुटारूने घेतलेला नव्हता. तो क्लबाच्या तेव्हाच्या कारभाऱ्यांनीच घेतला होता, आणि पुढच्या सगळ्या दुर्दशेचे मूळ मला तिथेच दिसते.

हिलफील्ड्स भागातून चालत गेले की त्या जागेवर आता सिग्नेट स्क्वेअर नावाची वसाहत लागते. विटांच्या घरांच्या रांगांच्या मधोमध, जिथे खेळपट्टी होती तिथे, हिरवळीचा एक तुकडा राखून ठेवला आहे. मी गेले तेव्हा दोन मुले त्यावर जॅकेटांचे गोलपोस्ट करून खेळत होती आणि एक बाई कुत्र्याला फिरवत होती. त्याच सुमारास जॅग्वारचा ब्राउन्स लेनचा आणि प्यूजोचा रायटनचा कारखानाही बंद झाला. मोटारींवर वाढलेल्या या शहराने आपले कारखाने आणि आपले मैदान जवळजवळ एकाच वेळी गमावले, आणि या दोन दुःखांविषयी इथली जुनी माणसे एकाच दमात बोलतात.

नवे स्टेडियम शहराच्या उत्तरेला, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर २००५ मध्ये उघडले. तिथे सुमारे ३२ हजार ६०० लोक बसू शकतात. मात्र त्याची मालकी नगर परिषद आणि एका स्थानिक धर्मादाय संस्थेकडे होती. क्लब भाडेकरू म्हणून तिथे राहायला गेला. भाडे वर्षाला बारा लाख पौंडांच्या वर होते, आणि खाद्यपदार्थ, पार्किंग, मैफली यांचे उत्पन्न मात्र बहुतांशी दुसऱ्याच्या खिशात जात होते. २००७ च्या डिसेंबरात सिसू या गुंतवणूक कंपनीने क्लब ताब्यात घेतला. २०१२ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, भाडे थकवण्यात आले, प्रकरण कोर्टात गेले, आणि २०१३ मध्ये क्लबाच्या कंपनीवर दिवाळखोरीचा प्रशासक नेमला जाऊन लीगमधले गुण कापले गेले. त्यानंतर २०१३-१४ च्या हंगामात कॉव्हेंट्रीचे ‘घरचे’ सामने सुमारे ५५ किलोमीटर दूर नॉर्थम्प्टन शहरातल्या सिक्सफील्ड्स मैदानावर खेळवले गेले. आपल्या शहरातले स्टेडियम रिकामे पडलेले आणि संघ दुसऱ्या गावात, ही अवस्था एका पूर्ण हंगामाहून अधिक काळ चालली.

सिक्सफील्ड्सच्या बाहेर एक टेकाड आहे, आणि तिथून मैदानाचा काही भाग दिसतो. ज्या पाठीराख्यांना मालकांच्या गल्ल्यात एक पेनीही टाकायची नव्हती, पण संघाला वाऱ्यावरही सोडायचे नव्हते, ते हिवाळ्याच्या पावसात त्या टेकाडावर उभे राहत. आत जेमतेम दोन-अडीच हजार लोक असत. स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसणारे, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या हंगामात आत गेले, तर त्यांचा सख्खा भाऊ टेकाडावर उभा राहिला, आणि दोघांमध्ये काही महिने बोलणे नव्हते. क्लब शहराबाहेर नेण्याची खरी किंमत मला या घरात दिसते, कारण ती कोणत्याही ताळेबंदात मांडली जात नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ परत आला, तेव्हा पहिल्या सामन्याला २७ हजारांहून अधिक लोक जमले.

मालकांवर रोष धरणे सोपे आहे आणि मी तो धरतेच, पण नगर परिषदेलाही मी मोकळे सोडत नाही. २०१४ मध्येच स्टेडियम चालवणारी कंपनी वॉस्प्स या रग्बी क्लबाला विकण्यात आली आणि भाडेपट्टा २५० वर्षांपर्यंत वाढवून देण्यात आला. वॉस्प्स हा मुळात लंडनचा क्लब होता. आपला संघ दुसऱ्या गावी नेला म्हणून आक्रोश करणाऱ्या शहराने दुसऱ्या गावचा संघ उचलून आपल्याकडे आणावा, ही गोष्ट मला तेव्हाही चुकीची वाटली असती आणि आजही वाटते. वॉस्प्सला रोख्यांचे कर्ज फेडता आले नाही आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तो क्लबच प्रशासकाच्या हाती गेला. दरम्यान २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षे कॉव्हेंट्री सिटीला पुन्हा शहर सोडून बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर खेळावे लागले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा हा संघ फिरत होता. परतल्यावरही तो भाडेकरूच होता. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले रग्बीचे सामने तिथे झाल्यावर खेळपट्टी इतकी खराब झाली की, हंगामाच्या सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षी स्टेडियम फ्रेझर्स ग्रुप या दुकानांच्या व्यवसायातल्या कंपनीने विकत घेतले आणि काही आठवड्यांतच, नवा करार करा अन्यथा जागा सोडा, अशी नोटीस क्लबाच्या हाती पडली.

या काळात पाठीराखे गप्प बसले नाहीत, याचा मला अभिमान आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये चार्लटनच्या मैदानावर दोन्ही संघांच्या पाठीराख्यांनी आपापल्या मालकांच्या निषेधार्थ प्लॅस्टिकची शेकडो डुकरे मैदानात फेकली आणि सामना थांबला. नव्वद मिनिटे एकमेकांविरुद्ध ओरडणारी माणसे त्या क्षणी एका बाजूची होती.

खेळाडूंविषयी माझे मत पुष्कळांना कोरडे वाटते, म्हणून ते नीट सांगते. खेळाडू येतात आणि जातात, आणि त्यांनी जावे यात मला गैर वाटत नाही. व्हिक्टर ग्योकेरेस ब्रायटनहून आला तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. २०२२-२३ च्या लीग हंगामात त्याने २१ गोल केले, संघ प्रीमियर लीगच्या, म्हणजे पहिल्या श्रेणीच्या, उंबरठ्यावर पोहोचला, वेम्बलीवर बढती ठरवणाऱ्या सामन्यात ल्युटनविरुद्ध पेनल्टींवर हरला, आणि त्या उन्हाळ्यात ग्योकेरेस लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाला विकला गेला. पाठोपाठ गुस्ताव्हो हामरही शेफील्डला गेला. कोणीही त्यांच्या नावाने बोटे मोडली नाहीत. त्या उन्हाळ्यात हाजी राइट आणि एलिस सिम्स आले, आणि पुढच्याच वसंतात, २१ एप्रिल २०२४ रोजी, एफए कपच्या उपांत्य सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून संघाने ३-३ अशी बरोबरी साधली. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी व्हिक्टर टॉर्पने केलेला गोल व्हिडिओ तपासणीत निसटत्या ऑफसाइडमुळे रद्द झाला आणि पेनल्टींवर आम्ही हरलो. खेळाडू विकून आलेला पैसा संघातच परत गेला, तर पाठीराखा ते समजून घेतो. मैदान विकून आलेला पैसा मात्र कधीच परत येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये क्लबाचे मालक झालेले डग किंग यांनी स्टेडियमही मिळवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तरीही माझा विश्वास एका माणसावर विसंबायला तयार नाही. चौथ्या श्रेणीपर्यंत घसरलेला हा संघ ज्या मार्क रॉबिन्स यांनी पुन्हा दुसऱ्या श्रेणीत आणला, त्यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सकाळी प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी फ्रँक लॅम्पार्ड आले आणि त्या हंगामाअखेर संघ पाचव्या क्रमांकावर गेला, म्हणजे निर्णय कदाचित योग्यही असेल. मात्र तो मालकाने एकट्याने घेतला, आणि मैदानाबाबतचा निर्णयही उद्या तसाच एकट्याने घेतला जाऊ शकतो. हायफील्ड रोडही क्लबाच्याच मालकीचे होते, हे इथे विसरून चालणार नाही.

जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्या संस्थेकडे राहावा असा नियम आहे. इंग्लंडने तो मार्ग धरला नाही, पण २०२५ च्या फुटबॉल कारभार कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला आहे. मैदान विकायचे किंवा क्लब दुसरीकडे न्यायचा, तर आता त्याची मंजुरी लागते. हा कायदा २००० च्या आधी असता तर सिग्नेट स्क्वेअरची घरे कदाचित दुसरीकडे उभी राहिली असती.

पुण्यात वाढलेल्या मला या सगळ्यात आपल्याकडचे एक प्रकरण सतत आठवते. एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून बालेवाडीला खेळत होता. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे तो बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर अंतिम सामना जिंकून विजेतेपद मिळवले, आणि २०२५ मध्ये तोच संघ दिल्लीला जाऊन नाव बदलून बसला. बालेवाडीत ऑरेंज आर्मी म्हणून गर्दी करणाऱ्या मुलांना तेव्हा कोणी काही विचारले नाही, आणि विचारायला लावणारा कायदाही नव्हता. संघ पाच वर्षांचा होता म्हणून ते दुःख लहान ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

म्हणून कॉव्हेंट्रीत आज आनंद असतानाच मागणी करायला हवी, असे मी इथल्या पाठीराख्यांच्या बैठकीत म्हणते. स्टेडियमच्या मालकीच्या कागदांतच अशी अट घालावी की, पाठीराख्यांच्या ट्रस्टच्या लेखी संमतीशिवाय ते क्लबापासून वेगळे विकता येणार नाही, आणि गहाणही ठेवता येणार नाही. नियामक उद्या दुबळा होऊ शकतो, सरकार बदलू शकते. किंग यांना क्लबाविषयी खरोखर आस्था असेल, तर या अटीवर सही करण्यासाठी आजच्याइतकी चांगली वेळ त्यांना पुन्हा मिळणार नाही.