गुंड्याच्या पायांसाठी दोन हजार मैल

आमच्या मागच्या दाराला तीनच पायऱ्या आहेत. हिवाळ्यात रोज सकाळी साडेसहाला फावडं घेऊन त्या मोकळ्या करायच्या, बर्फ वितळायला मीठ टाकायचं, मग गुंड्याला बाहेर न्यायचं, आणि आत आला की कोमट पाण्याने त्याचे चारही पंजे धुवायचे कारण ते मीठ बोटांच्या बेचक्यात जाऊन चुरचुरतं. अमेरिकेच्या उत्तरेतल्या मिनेसोटात राहून आम्हाला अठरा वर्षं झाली, थंडीबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. पण २०२२ च्या डिसेंबरात गुंड्या, आमचा बारा वर्षांचा लॅब्रेडॉर, दुसऱ्या पायरीवरून घसरला, मागचे दोन्ही पाय फाकले आणि तसाच पोटावर बसून राहिला. ओरडला वगैरे नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, याला घेऊन आपण खाली दक्षिणेत, ॲरिझोनात जायचं, या वर्षीच जायचं.

त्या हिवाळ्यात मिनियापोलिस-सेंट पॉलला ९० इंच बर्फ पडला, इथल्या नोंदींत तिसरा नंबर. म्हणजे निर्णय बरोबरच होता, पण हे तेव्हा कुठे माहीत होतं.

मोटरहोम आमच्याकडे आधीपासून होतं, जुनं घेतलेलं, २४ फुटी, फोर्डच्या ट्रकच्या चासीवर बांधलेलं, ज्याला इथे क्लास सी म्हणतात. उन्हाळ्यात लेक सुपिरियरच्या काठाने फिरायला वापरायचो. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, माझं हिशेबाचं काम पार्टटाइम आणि तेही ऑनलाइन, त्यामुळे अडचण कामाची नव्हतीच. अडचण होती ती बर्फातून गाडी बाहेर काढायची.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, म्हणजे त्यात नळ आहेत, पाण्याची टाकी आहे, गीझर आहे, आणि शून्याखाली या सगळ्यातलं पाणी गोठून पाइप फुटतात. म्हणून ऑक्टोबरातच सगळं पाणी काढून पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरून ठेवतात. कुत्री असलेल्यांनी एक नीट लक्षात ठेवा, हे गुलाबीवालं प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, ते त्या मानाने खूपच कमी धोक्याचं. कारच्या इंजिनात बहुतेक वेळा घालतात ते एथिलीन ग्लायकॉल, ते चवीला गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात, जीव जातो. गॅरेजमध्ये त्याचा थेंब सांडलेला दिसला तरी मी आधी तो पुसते, मग बाकीचं.

तर आम्ही ते पाइप तसेच ठेवून निघालो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी कॅनमध्ये, टॉयलेटला फ्लश करायला तेच गुलाबी लिक्विड, आंघोळ जिथे मिळेल तिथे. हे टेक्सासातल्या अ‍ॅबिलीनपर्यंत चाललं, तिथे हवा बघून मग पाइप धुतले आणि नळ चालू केले. नळाला पाणी आलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं हात धरून उभी राहिले.

निघालो ७ जानेवारीला. आधीच्या चार दिवसांत मोठं वादळ होऊन गेलेलं, रस्ते साफ व्हायची वाट बघितली. गुंड्यासाठी नवऱ्याने दाराला लावायचा रॅम्प केला होता, प्लायवूडचा, वर जुनं कार्पेट चिकटवलेलं. दुसरी आमची चिंगी, चार वर्षांची बीगल, तिला रॅम्प नको काही नको, ती उडी मारून थेट ड्रायव्हरच्या सीटवर.

पहिलाच मुक्काम आयोवात आणि तिथेच परीक्षा झाली. उत्तरेकडचे बरेच कॅम्पग्राउंड हिवाळ्यात बंद असतात, म्हणून ट्रक थांबतात तिथे थांबलो. हीटर प्रोपेनवर चालतो, प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत गॅस होतो त्यामुळे त्याची काळजी नसते, पण गरम हवा फेकणारा पंखा चालतो बॅटरीवर, आणि थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. पहाटे तीनला पंखा बंद पडला. मला जाग आली ती गुंड्याच्या थरथरण्याने. दोघांना पलंगावर घेतलं, वर दोन रजया आणि सासूबाईंनी पाठवलेली गोधडी टाकली, आणि नवऱ्याने जाऊन इंजिन चालू केलं. चिंगी माझ्या कुशीत आणि गुंड्याचं डोकं माझ्या पोटावर, तासाभराने त्याची थरथर थांबली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून जिथे विजेची जोडणी मिळेल तिथेच रात्र काढायची असं ठरलं, पैसे जास्त गेले तरी चालतील.

रस्त्याबद्दल सांगते कारण मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलंय. नकाशात ॲरिझोनाचा सोपा रस्ता दिसतो तो ओक्लाहोमा सिटीवरून आय-४० ने (आय म्हणजे इंटरस्टेट, इथले मोठे हायवे). पण तो अल्बुकर्की आणि फ्लॅगस्टाफवरून जातो, फ्लॅगस्टाफ जवळजवळ ७००० फुटांवर आहे, म्हणजे ज्याच्यापासून पळायचं तेच बर्फ पुढ्यात. म्हणून आय-३५ धरून सरळ फोर्ट वर्थपर्यंत खाली उतरायचं, तिथून आय-२० आणि पुढे आय-१०, एल पासोवरून. लांब पडतं, आमचे २१०० मैलांच्या वर झाले आणि आमची गाडी गॅलनला जेमतेम ९ मैल देते, पण उंची कमी आणि रस्ते कोरडे. दिवसाला अडीचशे-तीनशे मैल, दर दोन तासांनी थांबा, गुंड्याला दहा मिनिटं चालवायचं. तो बसून राहिला की आखडतो. (मीही आखडते, पण ते असो.)

आणि आता व्हाइट सँड्स. हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

अमेरिकेतल्या बहुतेक नॅशनल पार्कांत कुत्र्यांना पायवाटांवर नेता येत नाही, पार्किंगपर्यंत आणि रस्त्याच्या कडेने, बस. न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स याला अपवाद आहे, तिथे सहा फुटी पट्टा लावून वाळूच्या टेकड्यांवर फिरवता येतं. लास क्रूसेसहून तासाभरावर. जाण्याआधी चौकशी मात्र करा, शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी करायची जागा आहे, त्यामुळे कधी कधी हायवेच काही तास बंद ठेवतात. वाळू म्हणजे आपली समुद्राची वाळू नव्हे, जिप्सम आहे, पांढरीशुभ्र, उन्हातही तापत नाही. पार्कातला रस्तासुद्धा पुढे त्याच पांढऱ्या थराचा, दोन्ही बाजूंना बर्फाच्या प्लाऊने सारल्यासारखे ढीग. मी खिडकीतून बघत होते आणि मला दर वळणावर वाटत होतं की गाडी आता घसरणार.

आम्ही पोचलो तो दिवस संक्रांतीचा, १५ जानेवारी. रॅम्प लावला. गुंड्या खाली आला आणि शेवटच्या टोकाला थांबला. समोर सगळं पांढरं. त्याने पुढचा उजवा पंजा उचलला, अगदी तसाच जसा तो घरी बर्फ बघून उचलतो, चटका बसणार म्हणून आधीच वर धरलेला. तसाच उभा. मी पट्टा सैल सोडला, काही बोलले नाही. मग त्याने वाळूला नाक लावलं, शिंकला, पंजा खाली टेकवला. परत उचलला. परत टेकवला. दुसराही टेकवला. आणि मग चालायलाच लागला, टेकडीच्या कडेकडेने, त्याच्या त्या एका बाजूला झुकत्या चालीने, पण न थांबता. चिंगी चौफेर धावत होती, गुंड्या चालत होता. वीसेक मिनिटं चालला तो. घरी तीन मिनिटांत दाराशी येऊन उभा राहणारा कुत्रा. नवरा तोंड फिरवून डोंगराकडे बघत उभा होता, मला कळलं का ते. संध्याकाळी स्टोव्हवर तीळ भाजले, गूळ इंडियन स्टोअरचा होताच, लाडू मऊच झाले पण झाले. आईला व्हिडिओ कॉल लावला. निघताना हीच म्हणाली होती, अगं कुत्र्यासाठी एवढा खटाटोप? आता फोन उचलल्या उचलल्या पहिलं विचारलं, चालला का गं तो?

पुढचे तीन महिने ॲरिझोनात, क्वार्टझसाइटला. गावाची वस्ती एरवी अडीच हजारांच्या आत, पण हिवाळ्यात वाळवंटात जिकडेतिकडे मोटरहोम, सगळे उत्तरेतून पळून आलेले, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. सरकारी जमीन आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचा परवाना तेव्हा १८० डॉलरला होता. पूर्ण मोसमाला! कचरा टाकायला, टाक्या रिकाम्या करायला आणि पाणी भरायला जागा आहे. दुपारी शर्टावर बसता येतं, रात्री मात्र चांगली थंडी.

वाळवंटालाही आपले काटे आहेत. चोया नावाचं निवडुंग असतं, त्याचे गोळे नुसत्या स्पर्शाने तुटून चिकटतात, चिंगीच्या पंज्याला चिकटला आणि तिने तो तोंडाने ओढायला बघितला तर ओठाला पण. हाताने धरायचा नाही, आपले हातही अडकतात. जाड दातांचा कंगवा गोळ्याखाली घालून झटक्यात उडवायचा, राहिलेले काटे चिमट्याने. शेजारच्या तंबूतल्या म्हाताऱ्या बाईंनी पळत येऊन शिकवलं आणि आपला कंगवा मला देऊन टाकला, तो अजून चिंगीच्या पट्ट्याला बांधलेला असतो.

दुसरं व्हॅली फीव्हर. तिथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीतून कुत्र्यांच्या, आणि माणसांच्याही, फुफ्फुसात जाते. खोकला, ताप, भूक मंदावणं, आणि कधी कधी लंगडणं. गुंड्या आधीच लंगडतो, मग कळणार कसं? म्हणून त्याला उकरू द्यायचं नाही, वारा सुटला की आत घ्यायचं, आणि घरी परतल्यावर डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की आम्ही ॲरिझोनात होतो. मिनेसोटात हा आजार सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्ही सांगितलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही.

आता ऑक्टोबर आहे. गुंड्या तेरा वर्षांचा झालाय, गोळ्या वाढल्यात, मागचा डावा पाय जास्त ओढतो. परवा नवऱ्याने रॅम्पवरचं कार्पेट नवीन बसवलं आणि बघायला म्हणून गाडीला लावून ठेवला. मी भांडी घासत होते. खिडकीतून बघते तर गुंड्या मागच्या तीन पायऱ्या एकेक करत उतरला, अंगण ओलांडलं, रॅम्प चढून आत गेला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. मी हात पुसले आणि त्याचं पाणी तिकडेच नेऊन ठेवलं.