सेकंद-लंबकाच्या नोंदी : जानेवारी ते मे

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की, सेकंद-लंबकाची, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची, परिणामी लांबी (झोक्याचा काळ ठरवणारी लांबी) लंडनप्रमाणे 994 मिलिमीटर ठेवली, तर आर्वी तालुक्यातील आमच्या घरी घड्याळ दिवसाला जवळपास दोन मिनिटे मागे पडते. आपल्या 21 अंश अक्षांशावर गुरुत्वाकर्षण किंचित कमी असल्याने येथे 991.5 मिलिमीटरच पुरतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे यांना 1672 साली दक्षिण अमेरिकेतील, विषुववृत्ताजवळच्या कायेनला हेच आढळले होते.

जानेवारीत खोलीचे सरासरी तापमान 23 अंश असताना घड्याळ दिवसाला एक सेकंद पुढे जात होते. मे महिन्यात 37 अंशांवर ते 7.2 सेकंद मागे पडू लागले. लंबकाखालच्या नटाचा पाव फेरा दिला असता, तर घड्याळ जुळलेही असते. पण हा 8.2 सेकंदांचा फरक कशाकशाचा आहे, हे मग कधीच कळले नसते, म्हणून मी नटाला हात लावला नाही.

लंबकाचा पोलादी दांडा उष्णतेने लांबून, तापमानाच्या दर अंशामागे घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे नेतो, म्हणजे 14 अंशांचे सात सेकंद झाले. उरलेल्यासाठी रोज रात्री नऊला, मोबाईलच्या जीपीएस वेळेशी ताळा पाहतानाच, गोळ्याखालच्या कागदी पट्टीवर विजेरीचा उजेड तिरपा धरून झोक्याचे टोक वाचले. जानेवारीत ते मध्यापासून 1.5 अंशांवर थांबत होते, आता 1.8 वर थांबते. तेल उन्हाळ्यात पातळ होते, हेच कारण मला पटते. झोका मोठा झाला की आवर्तनकाल वाढतो. हा तोटा दिवसाला साधारण 1.65 गुणिले झोक्याच्या अंशांचा वर्ग इतका असतो, त्यामुळे तो 3.7 वरून 5.3 सेकंदांवर गेला. दोन्ही मिळून 8.6 होतात, प्रत्यक्षात 0.4 कमी भरले, ते बहुधा तापलेल्या विरळ हवेची लंबकाला वर उचलण्याची शक्ती कमी झाल्यामुळे.

पावसाळ्यात काळी माती फुगून भिंत हलते, म्हणून घड्याळाच्या पेटीत ओळंबा टांगून ठेवला आहे. पेटी कलली की टिक आणि टिक यांमधले अंतर असमान होते आणि ते कानालाच आधी कळते. कूलरही दुसऱ्या खोलीत हलवला, कारण त्याची थरथर भिंतीतून पोहोचत होती.

पुढचा दांडा सागवानाचा करीन. लाकूड तंतूंच्या दिशेने पोलादाच्या निम्म्याहूनही कमी प्रसरण पावते, मात्र ओलाव्याने लांबते. सुताराने सरळ रेषांची पट्टी निवडून दिली आहे. ती उन्हाळाभर माळ्यावर वाळत ठेवून, पहिला पाऊस पडण्याआधी तिला लाखेचे पॉलिश देईन.